सिमेंटच्या गावातला पूर्ण कोयता

आधीच सांगून टाकते, मी भांडायला गेले होते.

कपिलधारच्या वाटेला एका निवृत्त इंजिनिअरनं आपल्या रानात जुनं गाव उभं केलंय. सिमेंटची माणसं, सिमेंटचे बैल, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, चावडी, विहीर, सगळं. लोक तिकीट काढून ते गाव बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि 'काय ते दिवस होते' म्हणत गाडीत बसतात. त्या गावात आईला कामाला लागायचं होतं. चुलीवर भाकरी करायच्या आणि आलेल्या लोकांना वाढायच्या. मावशीचं सासर त्याच बाजूला. ती तिथं झाडझूड करते, तिनं आईचं नाव सुचवलं होतं. मला हे सगळं मावशीकडून कळलं. आईनं सांगितलं नव्हतं, कारण मी काय म्हणणार हे तिला माहीत होतं.

मी तेच म्हणाले.

"तू पुतळ्यांच्यात बसणार? लोक तिकीट काढून तुला बघायला येणार?"

"मला कोण बगतंय," आई म्हणाली, "भाकरी बगतेत."

"नऊवारी नेसवतील, नथ घालतील आणि बसवतील चुलीपुढं. पूर्वीची सुखी गृहिणी म्हणून!"

"बसवू दे की. बसूनच हाय ना काम?"

या 'बसूनच हाय ना'वर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की मला जास्त राग येतो.

आमच्या गावात दिवाळी झाली की ट्रक येतात आणि अर्धं गाव भरून नेतात. आई-अण्णा माझ्या जन्माच्या आधीपासून ऊस तोडायला जातात. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. मुकादम टोळी जमवतो तेव्हा तो माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दोघं मिळून तोडतात, बायको मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकात चढते, पहाटे उठून भाकरी करते, आणि हे सगळं मिळून एक कोयता, तोही नवऱ्याच्या नावावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला काही मुकादम नेतात, काही नेत नाहीत. आमचा नेत नाही. अर्ध्याची जोडी कुणाशी लावत बसू, म्हणतो.

मी ज्या संघटनेत काम करते तिची पत्रकं मीच लिहिते. 'बायको म्हणजे अर्धा कोयता नव्हे', 'तिची मजुरी तिच्या हातात', 'नवऱ्याच्या सावलीतून बाहेर या', असले मथळे माझेच. परळीच्या रेल्वे स्टेशनपासून केजच्या बाजारापर्यंत मी ती पत्रकं वाटलीत. घरात मात्र आईनं एक पत्रक घेतलं, वाचलं, आणि पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली घातलं. झाकण सैल होतं म्हणाली.

मागच्या हंगामात तिचा पाय त्या फळीवरून सटकला. ती कमरेवर पडली आणि मोळी तिच्या अंगावर. अंबाजोगाईला डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, ओझं उचलायचं नाही, यापुढं कधीच नाही. आईनं शहाण्या बाईसारखी मान हलवली. बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, "यंदा मोळी बारकी बांधू."

आता दसरा तोंडावर आलेला. मुकादमाला अजून शब्द दिलेला नव्हता. सिमेंटच्या गावातलं जमलं तर आई फळीवर चढणार नव्हती. नाही जमलं तर चढणार होती. इतकं ते सरळ होतं. आणि मध्ये माझी जीभ.

निघताना अण्णाही तयार होऊन बसलेले. धुतलेलं पांढरं धोतर, लग्नाकार्याला घालतात तो सदरा, टोपी. मला वाटलं, बायको कुठं कामाला लागतीय, तिथं कोण गडी माणसं आहेत हे बघायला चाललेत. मनात म्हटलं, घ्या, आमच्याच घरातून सुरुवात आहे. पण बोलले नाही. एसटीत आईनं मला खिडकीकडं बसवलं आणि दम दिला.

"तितं बोलायचं न्हाई."

"मी काय ल्हान हाय का आता?"

"ल्हान असतीस तर बरं झालं असतं. ल्हानपणी गप बसायचीस तू."

फाटकापाशी तिकिटाची खिडकी होती. आतला माणूस म्हणाला, "तीन?"

अण्णा म्हणाले, "आमी कामासाठी आलोत. सरांनी बोलवलंय."

"मग मागच्या दारानं जा."

झालं. मी खिडकीत वाकले. "मागच्या दारानं कावून? आमी काय..."

आईनं दंडाला असा चिमटा काढला की पुढचे शब्द आतच राहिले. खिडकीतला माणूस गांगरून माझ्याकडं बघत होता. "ताई, पुढच्या दाराला तिकीट लागतं. मागून फुकट हाय म्हणून सांगितलं."

अण्णा मान खाली घालून हसत मागच्या दाराकडं चालायला लागले. "चल बाई," म्हणाले, "तुला तिकीट काढायचं आसंल तर काढ."

सर, म्हणजे ते इंजिनिअर, एका शाळेच्या सहलीबरोबर फिरत होते. तोवर बघून घ्या, असं कुणीतरी सांगितलं. मग आम्ही तिघं त्या गावातून हिंडलो. मी मनातल्या मनात पत्रक लिहायला सुरुवात केली होती, 'गरिबीचं प्रदर्शन बंद करा' हा मथळा तर घरूनच ठरलेला.

पहिल्याच घरापुढं एक बाई धान्य उफणत उभी. आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली. "उपणतीया वाऱ्यावर अन् पदर जागचा हलंना," म्हणाली. "दिसायला चांगली हाय पण. माझ्यापरीस गोरी." पुढं कुंभार, न्हावी, तेलाचा घाणा. घाण्याच्या बैलापाशी अण्णा थांबले. त्याच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला आणि लोकांनी फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला रंग बघून म्हणाले, "सगळे ह्याच्याच मानंवरून हात फिरवतेत वाटतं. जित्याच्या मानंवरून फिरवला असता तर."

चावडीत पाटील बसला होता. भरघोस मिशा, फेटा, हातात काठी. अण्णा त्याच्यापुढं आले आणि त्यांचा हात आपोआप डोक्याकडं गेला. टोपी सारखी केली, जरा वाकल्यासारखं केलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं. माझ्याकडं बघून ते ओशाळं हसले.

"सवय," म्हणाले.

मी त्या पुतळ्याकडं असं बघितलं, की सिमेंटला तडा जायला हवा होता. गेला नाही.

आणि मग विहीर. छान बांधीव विहीर, रहाट, आणि घागरी घेतलेल्या बायकांची रांग. सगळ्या हसऱ्या. शेजारी पाटी, 'पाणवठा: गावाच्या एकोप्याचं ठिकाण.' मी ती पुन्हा वाचली. एकोप्याचं! अण्णांची आई अशाच विहिरीपासून हातभर लांब घागर घेऊन बसायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ऊन चढेपर्यंत बसून राहायची. हे अण्णांनी सांगितलेलं. तेव्हा ते तिचा पदर धरून तिच्याजवळ बसलेले असायचे. छपन्न साली आमची माणसं बौद्ध झाली, त्यानंतरही आमच्या गावात कितीतरी वर्षं असंच चालायचं. नव्या धर्मानं मान ताठ झाली, पण विहीर त्या मानेला ओळखत नव्हती. आणि हा माणूस लिहितो एकोपा.

"अण्णा, हे वाचा."

अण्णांनी एकेक अक्षर लावून वाचलं. आत डोकावून बघितलं. तळाला निळा रंग दिला होता, पाण्यासारखा दिसावा म्हणून.

"हां," ते म्हणाले, "हे बाटत न्हाई. रंगाचं हाय."

मी पुढं बघत गेले, आमची वस्ती कुठं दाखवलीय ते. प्रत्येक गावाला असते, गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. या गावाच्या कुसाबाहेर पार्किंग होतं.

आणि कोयताही नव्हता. लोहाराच्या दुकानात विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, अडकित्तेसुद्धा मांडलेले. ज्या हत्यारावर हा सगळा जिल्हा जगतो ते तेवढं नाही. हे माझ्या आधी आईच्याच ध्यानात आलं.

"कोयता न्हाई बग ह्याच्याकडं."

"तेच म्हणते मी! लपवतात हे लोक. आपलं जगणं..."

"न्हाई तेच बरं," आई म्हणाली. "मला त्याचं तोंड बगायचं न्हाई." आणि ती एवढा मोकळा श्वास सोडून पुढं चालायला लागली की माझं वाक्य तिथंच पडलं. मी ज्याला अन्याय म्हणत होते, तिला ती सुट्टी वाटत होती. मला त्या क्षणी हे पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तिची चाल मी बघितली.

सर आले. उंच, वाळके, डोक्यावर उन्हाची टोपी, आवाज शाळेतल्या मुलांवर ओरडून बसलेला. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, काठवट, तवा, ज्वारीचं पीठ. "एक-दोन करून दाखवा," म्हणाले.

आता आईला खाली बसायचं होतं. कंबर दुखावल्यापासून ती सरळ बसू शकत नाही. आधी एक गुडघा टेकवते, मग भिंतीला हात, मग दुसरा गुडघा. घरी ती बसताना मी तिकडं बघतही नाही. इथं मात्र माझा जीव तिच्या कमरेत अडकला. सरांना कळलं तर म्हणतील, दुखणेकरी बाई नको. तिनं ओचा खोचायच्या निमित्तानं भिंत धरली, कसं कोण जाणे पण आवाज न करता खाली बसली, आणि माझ्याकडं एकच नजर टाकली. त्या नजरेत एवढंच होतं, तोंड मिट.

अण्णा कुणी न सांगता चुलीपुढं उकिडवे बसले. लाकडं ओलसर होती. त्यांनी चार काटक्या मोडून खाली सारल्या आणि फुंकून जाळ धरला. उसाच्या फडावर पहाटे हे असंच चालतं. अंधारात ती पीठ मळते, ते जळण पेटवतात. दोघांत एक शब्द होत नाही. इथंही झाला नाही. भाकरी फिरली, तव्यावर पडली, टम्म फुगली. सर "वा" म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

ज्यांना हा प्रश्न कधी आडवा आला नाही त्यांना त्यात काय आहे ते कळणार नाही. आमच्याकडं आडनाव विचारलं की घर गावाच्या कुठल्या बाजूला तेच विचारलेलं असतं. मी तयार होते. अख्खं भाषण तयार होतं: होय, बौद्ध आहोत, जय भीम म्हणतो, आणि तुमच्या पाहुण्यांना आमच्या हातची भाकरी चालणार नसेल तर पाटी लावा तशी, एकोप्याची पाटी लावलीच आहे. हे सगळं जिभेच्या टोकावर.

आईनं आडनाव सांगितलं. पीठ मळता मळता, आवाज न बदलता.

"बरं," सर म्हणाले. आणि त्यांनी वाकून पहिली भाकरी उचलली, हात पोळला म्हणून या हातातून त्या हातात घेतली, मोडली आणि उभ्यानं कोरडीच खायला लागले. मी त्या हाताकडं बघत होते. आमच्यातली माणसं त्या हाताकडं बघतातच. हात थांबला नाही. खाता खाता ते म्हणाले, "पिठलं जरा कमी तिखट जमेल ना? शाळेची पोरं येतात. मागची बाई एवढं तिखट घालायची की पोरं रडायची."

"जमंल की," आई म्हणाली.

संपलं. माझं भाषण घशात तसंच राहिलं. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाची सुटका झाली तरी त्याला थोडं फसवल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, मलाही तसं वाटलं. पण त्याखालून हळूहळू काहीतरी सैल होत गेलं, घट्ट बांधलेली मोळी सोडल्यावर होतं तसं.

"सोमवारपासून या," सर म्हणाले. "सकाळी दहाला. पगार तुमच्या खात्यावर टाकत जाईन. तुमचं स्वतःचं खातं आहे ना?"

तिचं स्वतःचं खातं! हे मी किती बायकांपुढं ओरडून सांगितलंय. मी उठून नाचायच्या बेतात होते. तेवढ्यात अण्णांनी राख झटकली आणि विचारलं, "बरं. अन् आमचं काम काय ऱ्हाईल?"

"तुमचं?" सर म्हणाले.

"आमी जोडीनं आलोत, साहेब. पूर्ण कोयता हाय. अर्धा न्हाई."

सर याच जिल्ह्यातले. त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाबा," ते म्हणाले, "मला स्वयंपाकाला एक बाई पाहिजे. एकच."

तेव्हा मला धुतलेल्या धोतराचा उलगडा झाला. अण्णा राखण करायला आलेच नव्हते. ते कामाला आले होते. उभ्या जन्मात त्या दोघांना कुणी वेगवेगळं काम दिलं नव्हतं. काम म्हणजे दोघांना मिळून, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं, की मावशीला विचारायचंसुद्धा सुचलं नव्हतं. आईलाही नाही. ती चुलीपुढं बसून एकदा अण्णांकडं, एकदा सरांकडं बघत होती. मग तिनं काठवटीच्या कडेला हात पुसले.

"मग न्हाई जमायचं," म्हणाली.

"आई!"

"ह्यांना एकट्याला सोडून म्या हितं बसू?"

"का नाही बसायचं? अण्णांचं अण्णा बघतील!"

"काय बघतील? तुला ठावं हाय का फडात एकट्या गड्याचे काय हाल आसतेत? सांजच्याला दुसऱ्याच्या कोपीच्या दारापुढं ताटली घिऊन बसतेत एकटी माणसं. त्या घरच्या पोरांचं झालं की मग ह्यांना वाढतेत. म्या वाढलंय तसं लोकांना. आपल्या माणसाला नको तसं."

माझ्या पत्रकात याला उत्तर नव्हतं. सावलीतून बाहेर या, हे मी लिहिलं होतं. ताटलीचं लिहिलं नव्हतं. आणि उत्तर नसलं की मी काय करते ते वर सांगितलंच आहे.

"मग जा!" मी ओरडले. "जा, पुन्हा पड त्या फळीवरून! या खेपेला उठूच नकोस!"

चुलीतलं लाकूड तडतडलं. सर म्हणाले, "फळीवरून? पडल्या होत्या का?"

आईनं डोळे मिटून घेतले. जे एवढा वेळ भिंत धरून, दात आवळून तिनं लपवलं होतं ते मी चव्हाट्यावर मांडलं होतं. मला वाटलं, गेलं. आता ते म्हणतील, बघू, कळवतो. आणि दिवाळीनंतर ट्रक येईल.

सर आईकडं बघत होते. मग चुलीकडं. मग जमिनीकडं. "म्हणजे खाली बसायला त्रास होतो," ते म्हणाले. ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलत राहिले, "ओटा केला तर उभ्यानं करता येतील. पण ओट्यावर चूल... जुन्या गावात ते बसत नाही. बघणारे म्हणतील..."

"बघणाऱ्यांसाठी एक पुतळा बसवा खाली," मी म्हणाले. "त्याची कंबर दुखत नाही."

हे मी बोलायला नको होतं, की हवं होतं, माहीत नाही. सरांनी माझ्याकडं रोखून बघितलं. बहुतेक त्यांना असं कधी कुणी बोललं नसावं. मग म्हणाले, "गवंडी परवा यायचाच आहे. ओटा करून घेतो. पण बाबांना मी ठेवू शकत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि सहलीची पोरं बैलावर चढलीत असं कुणीतरी ओरडल्यामुळं ते तिकडं पळाले.

आम्ही तिघंच राहिलो. आई उठायचा प्रयत्न करत होती. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. अण्णा अजून उकिडवेच बसून चुलीतल्या राखेत काटकीनं रेघा ओढत होते. आणि मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले.

"काय झालं तुमाला?" आई म्हणाली.

"अगं," अण्णा म्हणाले, "तू हितं लागलीस तर मी ऱ्हायलो अर्धा कोयता. आन् अर्ध्याला आपला मुकादम नेतो का?"

"न्हाई नेत."

"न्हाई नेत! मंजी मीबी सुटलो की!"

आई उठता उठता पुन्हा भिंतीला टेकली.

"त्यो म्हणंल न्हाई जमत, आन् म्या म्हणंल बरं बाबा. माझ्याच्यानं तरी कुटं होतंय आता? म्या बोललो न्हाई, तू जातीस म्हणून म्या जातो. तू काय, म्या जातो म्हणून तू जातीस." त्यांना पुन्हा हसू फुटलं. "दोगंबी एकमेकांला ओढीत नेतोत त्या ट्रकात."

"अन् करताल काय गावात?"

"टोळ्या गेल्यावर गावात कापूस येचायला माणूस मिळतो का? तूर कापायला? लोक बोंबलत फिरतेत. म्या हाय की."

"अन् भाकरी?"

"दिवसभर लोकांना घालशील, सांजच्याला एक मला टाक. ताटली घिऊन आपल्याच दारात बसतो."

आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही. मी तिथं सारवलेल्या जमिनीवर बसले. दिवाळी येणार होती आणि ट्रकही येणार होता, पण त्या फळीवर माझी आई नसणार होती. मग अण्णांनी तिला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि आम्ही तिला उभं केलं. या खेपेला तिनं हात घेतला. "वरडत जाऊ नकु एवढी," म्हणाली. "लोकाच्या घरात."

फाटकापर्यंत सर सोडायला आले. आता काम ठरलं होतं, म्हणजे माझी जीभ मोकळी होती.

"सर, तुमच्या गावात सगळ्या बायका एकाच विहिरीवर?"

त्यांना कळलं. लगेच कळलं. "वाद नको म्हणून," ते म्हणाले. "लोक पोराबाळांना घेऊन येतात."

"तेव्हाही वाद नव्हता. तेव्हा हुकूम होता."

"तुम्ही लिहून द्या काय लिहायचं ते. बघतो."

'बघतो' हा शब्द मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर पुष्कळ ऐकलाय. त्याची किंमत मला ठाऊक आहे. त्या पाटीशी माझं भांडण मिटलेलं नाही आणि त्या पार्किंगशीही नाही. लिहून देईन, परत परत देईन. आई मध्ये म्हणाली, "झालं का? मला सोमवारी यायचंय हितं."

"सोमवारी तू ये. मंगळवारी मी येते."

"ये. तिकीट काढून ये," आई म्हणाली, आणि सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा घेताना अण्णांनी मुकादमाला फोन लावला. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन सगळ्या हॉटेलाला ऐकू जातो. मुकादम होता युसूफ वडगाव या गावाकडचा, अण्णांच्याच वयाचा.

"काय बे, येतो ना यंदा?" तिकडून आवाज.

"न्हाई जमत. कोयता मोडला आमचा."

"आँ? कावून? भांडला का काय बायकोसंग या वयात?"

"न्हाई बे. नोकरी लागली तिला."

"नोकरी? कुटं?"

"हाय एक गाव. सिमिटाचं."

"काय दारूबिरू पेलास का? बरं, पोरगी हाय ना तुझी? तिला घी जोडीला."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तिला?" म्हणाले. "ती आधी तुला तोडंल, मग ऊस. परवडंल का बग."

तिकडून शिवी आली, पण हसत आलेली. दुसरा कोयता बघतो म्हणून त्यानं फोन ठेवला. आईनं कप खाली ठेवला. "काय म्हणला?" तिनं विचारलं, सगळं ऐकलेलं असूनही.

"काय म्हणतो. दुसरा बघतो म्हणला."

आईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सोमवारी कोणच्या गाडीनं यावं लागंल? उशीर नको पहिल्याच दिशी."

केजकडची एसटी येऊन उभी राहिली होती. अण्णा उठले, टोपी घातली आणि गर्दीतून वाट काढत दारातल्या कंडक्टरपाशी गेले. उलट बाजूनं सकाळी दहाच्या आत इथं पोचायला गाडी कोणती, म्हणून विचारायला लागले.

"कुणाला जायचंय, बाबा? तुमाला?" कंडक्टरनं विचारलं.

"मला न्हाई," अण्णा मोठ्यानं म्हणाले, "आमच्या मालकिणीला. ड्युटी हाय तिची."